अडीच फुटी गाडीचा हिशेब

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात : लहानपणची चावीची गाडी, आणि पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ मध्ये सुरू केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय. ते पाहून आलेला प्रत्येक जण "काय बारीक काम आहे हो!" म्हणतो. पण खरी अडचण हातातल्या कसबाची नसतेच मुळी. ती असते मापांची.

उदाहरणच घ्या. या छंदातलं सगळ्यांत चालतं प्रमाण म्हणजे एचओ, १:८७. त्याचा तयार रूळ १६.५ मि.मी.चा, परदेशातल्या १४३५ मि.मी. गेजवरून आलेला. आपली ब्रॉडगेज १६७६ मि.मी. त्याला ८७ ने भागा, १९.३ येतात. म्हणजे बाजारातला रूळ आणला की आपली गाडी पहिल्याच दिवशी खोटी! गंमत अशी की नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज येईपर्यंत आमच्या सौंदडवरून जी छोटी गाडी जायची, तिचं गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मि.मी. ते याच प्रमाणात ८.८ होतं. आणि एन प्रमाणाचा तयार रूळ असतो ९ चा! रेल्वेच्या भव्य गाड्या अडतात, आमची गरीब गाडी मात्र बसते.

हा हिशेब एकाने लिहून ठेवला की दहा जणांचे पैसे वाचतात. सामायिक ज्ञानसाठा म्हणजे तरी दुसरं काय? इंडियन रेल्वेज फॅन क्लबचे हौशी लोक १९८९ पासून रेल्वेची माहिती अशीच गोळा करत आलेत. छोट्या प्रतिकृतींसाठी, आणि तेही मराठीतून, असं काम व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

कुणी म्हणेल, नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे की! आहे, आणि जरूर बघावं. पण संग्रहालयात इंजिन येतं, खेड्यातलं स्टेशन येत नाही. फलाट किती उंच होता, डब्याची पायरी जमिनीपासून किती वर होती, बाक कुठे होता... हे माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसं आता थकली आहेत. नागपूर-नागभीडची छोटी गाडीसुद्धा २०१९ मध्ये थांबली. आता जाऊन मोजू म्हणायची सोय उरली नाही.

एक अट मात्र हवी. प्रत्येक आकड्यापुढे तो आला कुठून हे लिहायचं : मोजला, फोटोवरून काढला, की आठवणीतून सांगितला. दोन काकांच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहायच्या. सरासरी काढून तिसरंच खोटं माप तयार करू नये.

तेव्हा मंडळी, आणि विशेषतः आमच्या आत्या-मामांनो, जुने अल्बम काढा. वरातीच्या फोटोत मागे डबा असेल, कुणी स्टेशनवर उभं असेल. डब्याचा समोरून फोटो असेल आणि खाली रूळ दिसत असतील, तर फारच उत्तम. ते ७६२ मि.मी. हीच आपली पट्टी. तिच्यावरून डब्याची रुंदी निघते. फोटोमागे साल आणि गावाचं नाव तेवढं पेन्सिलीने लिहा. बाकीचे भागाकार आम्ही करू.