वेलांटीपाशी तुटणारा दुवा

हैदराबादला हिमायतनगरात राहते आणि सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. साध्या मजकुरातला वेबपत्ता ओळखून त्याची लिंक बनवणारा कोड समोर आला, की मी पत्त्याच्या शेवटी देवनागरीत ‘हिमायतनगर’ लिहून बघते. कधी लिंक त्या शब्दाआधीच संपते. कधी ‘ह’ तेवढा निळा होतो, बाकी शब्द काळाच राहतो.

पत्त्यात कोणती चिन्हं धरायची, हे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ठरवलेलं असतं. जावास्क्रिप्टमध्ये शब्दातल्या अक्षरांसाठी सर्रास वापरला जाणारा नमुना फक्त इंग्रजी अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ओळखतो. युनिकोडमधली सगळी अक्षरं धरली तरी मराठीचं भागत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचा तिथे ‘मार्क’ हा निराळा वर्ग आहे. म्हणून ‘ह’ आत येतो आणि वेलांटी बाहेर राहते. अक्षरांबरोबर मार्कही धरायची सोय जावास्क्रिप्टच्या २०१८ च्या आवृत्तीपासून आहे. ती वापरायची, एवढंच.

तसं होत नाही, म्हणून टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेले पत्ते फिरतात. एका देवनागरी चिन्हाचे तीन बाइट आणि दर बाइटला तीन चिन्हं, या हिशेबाने नऊ चिन्हांचं ‘हिमायतनगर’ ८१ चिन्हांचं होतं. आमच्या इमारतीतल्या काकू असा पत्ता फसवणुकीचा समजून उघडत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. जे वाचता येत नाही त्यावर विश्वास का ठेवावा?

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, देवनागरीतलं ‘.भारत’ २०१४ पासून. मराठी पत्ते आता नवे राहिलेले नाहीत.

अडचण एक आहे. आपण पत्त्याला शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितो. मग ‘वर’ किंवा ‘मध्ये’ही लिंकमध्ये शिरतं आणि ती चालत नाही. त्यासाठी लिहिणाऱ्याने पत्त्यानंतर जागा सोडावी. पण त्या भीतीने अख्खी देवनागरी वगळणं मला मान्य नाही.

पुण्यातल्या आणि इथल्या हायटेक सिटीतल्या मराठी प्रोग्रॅमरांना माझं सांगणं आहे: तुमच्या चाचण्यांमध्ये आपल्या गावाचं नाव असलेला एक पत्ता घाला. गाव वेलांटीसकट निळं झालं तरच कोड पुढे पाठवा. तेलुगूतही स्वरचिन्हं याच वर्गात मोडतात, त्यामुळे ही दुरुस्ती आमच्या शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडेल.