शिवी, शिपाई आणि ओसरी

गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत कोणी अचकटविचकट मजकूर टाकला की एकच मागणी होते, सरकारने बंदी घालावी, पोलिसांनी उचलून न्यावे. राग समजण्यासारखा आहे. मागणी घातक आहे.

हे हत्यार सरकारच्या हाती दिल्यावर काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ प्रमाणे आक्षेपार्ह किंवा त्रासदायक मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद होती. त्रास कशाला म्हणावे, याचे माप कायद्यात नव्हते. ते ठाणेदाराच्या मर्जीवर. नोव्हेंबर २०१२ मध्ये, मुंबई बंद कशासाठी, असे फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या तरुणीला अटक झाली. तो मजकूर आवडल्याची खूण करणारी मैत्रीणही सुटली नाही. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम रद्द केले. तरी गुन्हे नोंदणे थांबेना, म्हणून २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. सरकारला दिलेला अधिकार परत घेणे इतके अवघड असते.

मग शिवीगाळ सोसायची? मुळीच नाही. स्वातंत्र्यवादी म्हणवणारे काहीजण इथेच घसरतात. गटातून काढले की मुस्कटदाबी झाली म्हणून ओरडतात. ओसरी ज्याची, तिथे कोणाला बसवायचे हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच. गटातून काढलेला माणूस उद्या स्वतःचा गट काढू शकतो. तुरुंगात टाकलेला काय करील?

सदस्याच्या मजकुराबद्दल, संगनमत नसेल तर, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. म्हणून ॲडमिनने हात झटकू नयेत. शिव्या सुरू झाल्या की आधी बाया गप्प होतात, मग निघून जातात. एकाच्या तोंडाळपणापायी निम्मी सभा उठून जावी, हे कसले स्वातंत्र्य?

शेतात तण दिसले म्हणून आपण सगळ्या शिवारावर तणनाशक मारा म्हणत नाही. आपले वावर आपण खुरपतो. प्रत्येक गटाने नियम आधी सांगावेत, एकदा ताकीद द्यावी, मग काढावे. नियम पदाधिकाऱ्यालाही तोच. जिवे मारण्याची धमकी, मारहाणीची चिथावणी असेल तर मात्र पोलिसांत जावे.

आणि एक पक्के ध्यानात ठेवावे : पुढाऱ्यावरची टीका, आमच्यावरचीसुद्धा, शिवीत मोजायची नाही. ती पुसणारा ॲडमिन आणि पालघरचा ठाणेदार एकाच माळेचे मणी.