काटकसर कोणाच्या खात्यावर?

गेल्या महिन्यात वांद्रे पूर्वेच्या एका वस्तीत रेशनच्या मोर्चाची बैठक होती. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचा मोर्चा अकराला. माझी चार घरं दुपारपर्यंत. खाडा झाला की पैसे कापतात." मला उत्तर देता आले नाही.

समाजकार्याच्या वर्गात आम्ही 'संरचनात्मक समायोजन' शिकलो. १९९१ साली देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले. जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून मुंबईहून विमानाने परदेशी गेले. नाणेनिधीचे कर्ज आले आणि खर्चकपातही आली. २४ जुलैच्या अर्थसंकल्पात साखरेचे अनुदान गेले. केंद्र सरकार रेशनसाठी राज्यांना देत असलेला गहू क्विंटलला २३४ रुपये होता, तो १९९४ पर्यंत ४०२ रुपये झाला. १९९७ मध्ये सर्वांचे रेशन 'गरिबांपुरते' झाले. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर आपल्या राज्याने शहरी कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा घातली वर्षाला ५९,००० रुपये! महिन्याचे पाच हजारही नाहीत.

विरोध झाला नाही असे नाही. १९७२-७३ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९९१ ला कामगार संघटनांनी नव्या धोरणाविरुद्ध देशव्यापी संप केला. तो हवाच होता. पण संपाला मालक लागतो, हजेरीपट लागतो. चार घरची कामे करणाऱ्या बाईने संप कोणाविरुद्ध करायचा? आणि घरची चूल तर बंद ठेवताच येत नाही.

सरकार काटकसर करते तेव्हा खर्च नाहीसा होत नाही. धान्य महागले की बाई स्वस्त दुकानासाठी लांब चालते, दवाखान्यात औषध नसले की रात्रभर उशाशी बसते, आणि शेवटी उरेल ते खाते. हे कोणत्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

श्रीलंकेत २०२२ साली कर्ज थकले. गॅस-रॉकेलच्या रांगांत उभे राहिलेले लोक रस्त्यावर उतरले आणि राष्ट्राध्यक्षांना देश सोडून पळावे लागले. तरीही जानेवारी २०२४ मध्ये मूल्यवर्धित कर १५ वरून १८ टक्के झालाच. सत्ताधारी बदलला, पण स्वयंपाकघरात येणारे बिल थांबले नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या मोर्चाची वेळही राजकीय प्रश्न आहे. काही जणी म्हणतील, संध्याकाळी कचेऱ्या बंद, मग निवेदन कोणाला देणार? पण सरकार आपल्याला भेटते ते रेशनच्या दुकानात, आणि ते संध्याकाळी उघडे असते. तिथेच जमू या. दिवसाच जावे लागले तर खाड्याचे पैसे वर्गणीतून भरू या. आणि पहिली मागणी एकच असू दे: उत्पन्नाची अट काढा, रेशन सर्वांना द्या.

त्या मावशींना पुढच्या बैठकीत मी हेच सांगणार आहे. बैठक रात्री नऊला ठेवली आहे.