टाकीतलं झाड टाकीतच राहू दे

फिश टँकमध्ये प्लास्टिकची झाडं लावू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. खरी झाडं टिकत नाहीत, त्यांना खास लाइट, खत आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. लाल पानांच्या नाजूक जातींबद्दल ते खरंही आहे. पण हॉस्टेलच्या टेबलावर छोटी टाकी ठेवणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. सोपी झाडं निवडली की झालं. फक्त ‘सोपं’ म्हणजे काय, हे आधी समजून घ्यायला हवं.

हायड्रिला तुम्हाला आठवत असेल. शाळेच्या प्रयोगात उपड्या नरसाळ्याखाली ठेवलेली, ऑक्सिजनचे बुडबुडे सोडणारी तीच. बारावीच्या परागीभवनाच्या धड्यातली व्हॅलिसनेरिया म्हणजे फितीसारख्या लांब पानांचं पाणगवत. तिसरं हॉर्नवर्ट. त्याला मुळंच नसतात, पाण्यात नुसतं सोडलं तरी वाढतं. ही तिन्ही आपल्या देशातल्या तळ्यांत मुळातच उगवतात. हैदराबादच्या बोअरचं जड पाणी त्यांना चालतं, आणि आपला उन्हाळाही ती सहसा निभावून नेतात. दिवसाला सहा ते आठ तास साधा एलईडी पुरतो. त्याहून जास्त वेळ ठेवला की शेवाळ आलंच. शिवाय मासे पाण्यात सोडतात तो अमोनिया ही झाडं शोषून घेतात. प्लास्टिक ते कधीच करणार नाही.

ज्यांना सारखी छाटणी करायचा कंटाळा आहे, त्यांनी अनुबियास किंवा जावा फर्न घ्यावं. दोन्ही फार सावकाश वाढतात. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं, म्हणून दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. क्रिप्टोकोरिन लावल्यावर थोड्याच दिवसांत पानं विरघळायला लागली, तर घाबरून उपटू नका. मूळ जिवंत असतं, नवी पानं येतात.

आता मुद्द्याचं बोलू. झाड सोपं असतं, कारण ते चिवट असतं. हायड्रिलाच्या लहानशा तुकड्यातूनही नवं झाड तयार होतं. मग दर पंधरा दिवसांनी मूठभर छाटण निघते, आणि ‘जिवंत आहे, कचऱ्यात कसं टाकू?’ म्हणत कोणीतरी ती तळ्यात नाहीतर नाल्यात सोडतं. याला दया म्हणत नाहीत.

दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी तिच्या जांभळ्या फुलांसाठी माणसांनीच देशोदेशी नेली. आज हुसेन सागरातून ती यंत्रं लावून काढावी लागते, आणि मुसीत तिच्या आडोशाला डास वाढतात. हायड्रिलाची गोष्ट याच्या उलट. ती १९५० च्या दशकात अॅक्वेरियमच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचली आणि तिथल्या तळ्यांत, कालव्यांत माजली. आपल्याकडे गुणी म्हणावी ती वनस्पती तिकडे उपद्रवी ठरली.

कोणी म्हणेल, हायड्रिला तर इथलीच, मग आपल्या तळ्यात टाकली तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण दुकानातून आलेल्या जुडीत ती एकटी नसते. तिच्याबरोबर गोगलगायींची अंडी, परक्या पाणवनस्पतीचं एखादं पान, माशांचे रोग असं काहीही येऊ शकतं, आणि ते नुसत्या डोळ्यांनी ओळखणं आपल्याला जमणारं नाही.

त्यामुळे छाटण उन्हात कडकडीत वाळवा आणि कुंडीत खत म्हणून घाला, किंवा टाकी असलेल्या मैत्रिणीला द्या. दुकानात ‘पटकन वाढणारं कोणतं?’ असं आपण विचारतोच. त्याआधी ‘वाढल्यावर त्याचं मी काय करणार?’ हे स्वतःला विचारा. उत्तर सुचलं नाही, तर सरळ अनुबियास घेऊन या.