हिशोबपट्टीत न दिसणारा खर्च

शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या हिशोबपट्टीत गाडीभाडे, हमाली, तोलाई असे रकाने असतात. डिझेलच्या धुराचा रकाना नसतो. दिल्लीच्या आझादपूर मंडीचे उदाहरण घ्यावे. नाशिकचा कांदा, हिमाचलचे सफरचंद, हरियाणाची फुलकोबी घेऊन ट्रक तेथे प्रामुख्याने रात्री पोहोचतात, कारण दिवसा शहरात जड वाहनांना बंदी असते. धूर, भोंगे आणि रस्त्यांची झीज यांची किंमत जहांगीरपुरीसारख्या जवळच्या वस्त्या मोजतात. रात्रभर ओझी वाहणारा हमाल ती झोपेने आणि पाठीच्या कण्याने मोजतो.

ही किंमत वाहतुकीकडूनच वसूल करण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये केला. दिल्लीत शिरणाऱ्या मालवाहू वाहनांवर पर्यावरण भरपाई शुल्क लागले: हलक्या वाहनांस ७००, तीन वा अधिक आसांच्या वाहनांस १३०० रुपये. डिसेंबरात ते दुप्पट झाले. अन्नपदार्थांच्या वाहनांना त्यातून सूट होती. २०२५ मध्ये तीही गेली. तत्त्वतः हे योग्यच आहे. भाजीच्या ट्रकचा धूर सिमेंटच्या ट्रकच्या धुरापेक्षा सौम्य नसतो. प्रश्न आहे तो शुल्क अखेर कोण भरतो याचा. जेथे गाडीभाडे शेतकऱ्याच्या पट्टीतून कापले जाते, तेथे हे शुल्कही भाड्यात मिसळून त्याच्याच माथी येते, आणि ज्याच्या ताटासाठी ट्रक शहरात शिरला तो ग्राहक मोकळा राहतो. शुल्क पट्टीत स्वतंत्र दाखवावे व त्याचा भार खरेदीदाराने उचलावा, अशी मागणी शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकत्रितपणे करायला हवी.

तोवर निरुपयोगी वजन कमी करणे शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि विस्तार कार्यकर्त्यांनी त्याकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. फुलकोबीची बाहेरची पाने व जाड दांडा भाडे भरून शहरात जातात, मंडीत कुजतात, माश्यांची पैदास वाढवतात आणि कचरागाडीतून पुन्हा त्याच रस्त्यांवर येतात. गड्ड्याला प्रवासात मार लागू नये एवढी लगतची पाने राखून उरलेली शेतातच छाटावीत. मात्र ती बांधावर टाकू नयेत. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्या व कोष त्यांवर असतात आणि पुढच्या लागवडीवर तेथूनच चढाई होते. पाने खड्ड्यात टाकून मातीने झाकावीत. नुकतीच फवारणी झाली असल्यास जनावरांनाही घालू नयेत.