खाज थांबली म्हणजे खरूज गेली असं नव्हे
कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, की शिरोळ तालुक्यातली हजारो माणसं छावण्यांत येतात. 2019 आणि 2021 मध्ये हेच झालं. दाटीवाटीनं झोपताना खरूज पसरते, ओल्या कपड्यांमुळे नायटा वाढतो. मग दुकानातून ‘खाजेचं मलम’ आणलं जातं. त्यात अनेकदा स्टेरॉइड असतं; खाज दबते, पण रोग पसरत राहतो. म्हणूनच 2018 मध्ये सरकारनं अनेक स्टेरॉइड मलमांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली.

अँटिसेप्टिक मलम किरकोळ जखमेसाठी. त्यानं खरजेचे किडे मरत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांना विचारून 5 टक्के परमेथ्रिन रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावं, सकाळी धुवावं, आठवड्यानं पुन्हा लावावं. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावं. एक जण राहिला, तरी खरूज परत येते.