पिरान्हाला प्रेक्षक नकोत, आडोसा हवा

हौसेने पिरान्हा घरी आणणाऱ्यांची पहिल्या आठवड्यातली तक्रार बहुधा एकच असते: मासा खातच नाही. टाकीजवळ गेलं की सगळे मागच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटतात, दिवा लावला की काचेवर धडका घेतात, कोळंबीचा तुकडा टाकला तर त्या तुकड्यापासूनच पळतात. पाहुण्यांना दाखवायला आणलेला ‘नरभक्षक’ असा भित्रा निघाला की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. मग त्याने चवताळावं म्हणून त्याला उपाशी ठेवायचं, काचेवर टकटक करायची, जिवंत गोल्डफिश सोडून गंमत बघायची, असे उद्योग सुरू होतात. ते थांबवा, एवढंच सांगायला हा लेख आहे.

मुळात हा मासा भित्राच आहे. त्याची खुनशी कीर्ती माणसांनी पसरवली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1913-14 मध्ये ब्राझीलच्या जंगलात फिरून आले आणि 1914 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी या माशाचं रक्ताळलेलं वर्णन केलं. पुढे सिनेमावाल्यांनी त्यावर हात धुऊन घेतले. आपल्याकडच्या दुकानदारालाही ती कीर्ती विकायला सोयीची पडते.

घरगुती टाक्यांत बहुतेक दिसतो तो लाल पोटाचा पिरान्हा, पायगोसेंट्रस नाटेरेरी. ॲमेझॉन, पॅराग्वे-पाराना आणि एसेक्विबो या नद्यांच्या खोऱ्यांतला. तिथे त्याला खायला सुसरीच्या जातीचे केमन टपलेले असतात, नदीतले डॉल्फिन असतात, पाणकावळे असतात. म्हणून तो थव्याने राहतो. हे थवे शिकारीसाठी असतात असा समज फार वर्षं होता. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या ॲन मॅगुरन आणि ब्राझीलचे हेल्डर केरोझ यांनी मामिराउआच्या पूरजंगलात या माशांचा अभ्यास केला, तेव्हा थवा हा मुख्यतः जीव वाचवण्यासाठी असतो असं दिसलं. त्यांनी माशांच्या कल्ल्यांची उघडझाप मोजली. दोघांच्या गटातले मासे आठांच्या गटातल्या माशांपेक्षा जलद श्वास घेत होते, आणि पाणकावळ्याची नक्कल करून घाबरवल्यावर आठांचा गट लवकर शांत झाला. एकटा पिरान्हा पाळणाऱ्याने ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. एकट्या माशाच्या मागे कोणी लागलेलं नसतं, तरी तो सतत धास्तावलेला राहू शकतो.

मग सोबत आणायची तर किती? दोन-तीन आणले तर एक दादा होतो आणि बाकीच्यांचे पंख कुरतडत बसतो. चार-सहा एकसारख्या आकाराचे, एकाच वेळी सोडलेले मासे बरे जमतात. पण पूर्ण वाढलेला मासा फुटाच्या आसपास जातो. अशा चार-सहा जणांना सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी हवी. त्यात सुमारे 680 लिटर पाणी मावतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 680 किलो. काच, वाळू, स्टँड वेगळं. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर आधी इंजिनिअरला विचारा. तीन फुटी टाकी असेल तर माझं मत सरळ आहे: पिरान्हा आणू नका. ‘लहान आहेत तोवर ठेवतो, मग बघू’ म्हणणाऱ्यांचे मासे पुढे कुठे जातात, ते शेवटी सांगतो.

आता बुजरेपणाकडे. टाकी कुठे ठेवली आहे ते आधी बघा. दिवाणखान्याच्या दाराशी, टीव्हीच्या शेजारी, येता-जाता पाय घासतील अशा जागी ती असेल तर मासा दिवसभर दचकत राहणार. माणूस दिसतो तेवढ्यानेच तो घाबरतो असं नाही. दार आपटल्याचा, स्पीकरचा, फरशीवर उड्या मारणाऱ्या पोराचा कंप पाण्यातून त्याला थेट जाणवतो. टाकी कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर ठेवा, म्हणजे माणसाची सावली वरून पडणार नाही. त्याच्या मूळ मुलखात वरून येणारी सावली पक्ष्याची असते, हे विसरू नका. मागच्या आणि एका बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा.

आत आडोसा द्या. लाकडाचा मोठा ओंडका, त्यामागे शिरायला जागा, वर तरंगणारी झाडं. पुष्कळांना वाटतं की लपायला जागा दिली तर मासा दिसणारच नाही. उलट होतं. लपायला जागा आहे याची खात्री पटली की मासा बाहेर यायला लागतो. उघड्याबोडक्या टाकीत तो कोपरा धरून बसतो, कारण तिथे कोपऱ्याखेरीज दुसरं काही नसतं. पुढे पोहायला मोकळी जागा मात्र राखा.

दिव्याची चूक तर घरोघरी होते. पांढराशुभ्र एलईडी दिवसभर जळतो आणि रात्री खाटकन बंद होतो. पिरान्हा गढूळ, सावलीच्या पाण्यातला. दिवा मंद ठेवा. खोलीतला दिवा आधी लावा, पाच-दहा मिनिटांनी टाकीचा. मालवताना टाकीचा आधी, खोलीचा नंतर. अंधारात एकदम प्रकाश पडला की हे मासे वेड्यासारखे धावतात, थोबाड काचेवर आपटून सोलून घेतात, कधी कधी एखादा काही वेळ आडवा पडून राहतो. तो मेला समजून जाळी घालू नका. दिवा मालवा, खोलीतून बाहेर जा, थोड्या वेळाने बघा.

आणि काचेवर टकटक करणाऱ्या पाहुण्यांना थांबवा. भावजी असले तरी थांबवा.

जेवणाचं म्हणाल, तर मोठे पिरान्हा जंगलात पहाटे आणि कातरवेळी जास्त शिकार करतात. लहान मासे दिवसाही खात फिरतात. म्हणून मोठ्यांना संध्याकाळी, टाकीचा दिवा मालवल्यावर खायला द्या आणि तिथून निघून जा. पंगतीत कोणी समोर उभं राहून आपल्या घासाकडे टक लावून बघत राहिलं तर आपल्यालाही घास गिळवत नाही. नवीन आणलेला मासा आठवडाभर तोंड लावत नाही, असं होतं. निरोगी मोठ्या माशाला तेवढ्या उपासाने काही होत नाही. रोज छोटा तुकडा टाकायचा, तासाभराने उरलेला काढायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. थोड्या दिवसांत ते तुमच्या चाहुलीशी जेवणाची सांगड घालतात आणि पुढे यायला लागतात. तीच वेळ, तीच जागा आणि शक्यतो तोच माणूस असेल तर हे लवकर होतं.

काय द्यायचं? बाजारातली साधी ताजी कोळंबी, सालासकट. चिलापीचे किंवा बाशाचे तुकडे. गांडुळं, पण खत-औषध न मारलेल्या जागेतली. मांसाहारी माशांसाठी मिळणाऱ्या गोळ्या, म्हणजे पेलेट. लहानपणापासून सवय लावली तर पिरान्हा पेलेट चांगले खातो, आणि ज्या घरात आईला फ्रिजमध्ये कोळंबी चालत नाही तिथे हा मोठा आधार आहे. हा मासा फक्त मांसच खातो असंही नाही. जंगलात त्याच्या पोटात बिया आणि पाल्याचे तुकडेही सापडतात. मीठ लावलेलं, हळद चोळलेलं, शिजवलेलं काही नको. सुकटही नको.

मटण-चिकनचा मोह टाळा. पाण्यातल्या माशाला बकऱ्याची चरबी नीट पचत नाही. ती यकृतावर साठते आणि पाण्यावर तवंग धरते. आणि जिवंत गोल्डफिश? तो तर तमाशाचा मुख्य खेळ. गोल्डफिशच्या शरीरात थायमिनेज नावाचं द्रव्य असतं, ते ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करतं. नेहमी तेच खाणारा मासा हळूहळू त्या जीवनसत्त्वाला मुकतो. शिवाय दुकानात दाटीवाटीने कोंबलेल्या त्या स्वस्त माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि परजीवी फुकट येतात. पाहणाऱ्यांची करमणूक तेवढी होते. त्या गोल्डफिशच्या जिवाचाही विचार करायला हरकत नसावी.

लहान माशांना दिवसातून एकदा-दोनदा द्या, पाच-सहा इंची झाल्यावर एक दिवसाआड, पूर्ण वाढल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा. एकच मोठा तुकडा टाकून झोंबाझोंबी बघण्यापेक्षा माशांच्या संख्येपेक्षा जास्त छोटे तुकडे एकदम टाका, म्हणजे मागे राहणाऱ्यालाही मिळेल. भांडणात ते आवाजही काढतात. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये त्यांचे तीन आवाज नोंदले: समोरासमोर आल्यावर भुंकल्यासारखा, घासावरून झटापट होताना ढोलावर थाप पडावी तसा, आणि पाठलाग करताना दात वाजवल्याचा. टाकीला कान लावून कोणी ऐकणार असेल तर जरूर ऐकावं, पण त्यासाठी त्यांना उपाशी ठेवू नये. उपाशी आणि दाटीत ठेवलेले पिरान्हा आपल्यातल्याच कमजोराचे लचके तोडतात. ‘रात्रीत एक मासा गायब झाला’ या गूढाचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

मांसाच्या खाण्याने पाणी झपाट्याने खराब होतं. अमोनिया वाढला की मासा आणखी बुजतो, खाणं सोडतो, आणि आपण त्याला भुरळ घालायला आणखी तुकडे टाकतो. फिल्टर दणकट हवा. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून. पाणी 24 ते 28 अंश सेल्सिअस राहू द्या. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर लागतोच. पाणी गार झालं की भूक मंदावते. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलटं संकट: तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, तेव्हा खाणं कमी करा आणि हवेचा पंप बॅटरीवर चालेल अशी सोय ठेवा. वीज जाणार हे धरूनच चला.

टाकीत हात घालताना घाई नको. पिरान्हा सहसा हातापासून लांब पळतो. चावे बसतात ते बहुतेक त्याला पकडताना, पाण्याबाहेर काढताना. जाळी तो कातरतो. हलवायचा असेल तर प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट घ्या.

एक शंका मात्र फेडून घ्या: तुमच्याकडे आहे तो पिरान्हाच ना? पुष्कळदा लाल पोटाचं पिल्लू पिरान्हा म्हणून विकलं जातं आणि ते निघतं रूपचंद, म्हणजे पाकू, जो आपल्या मासळीबाजारात खाण्यासाठी येतो. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला आणि दात त्रिकोणी, पात्यासारखे. पाकूचे दात सपाट, जवळजवळ माणसासारखे, कारण त्याला फळं-बिया फोडायच्या असतात. पाकू दोन फुटांच्याही पुढे जातो. घरच्या टाकीत त्याचं काय करणार?

परदेशातून जिवंत मासे आणायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. तेव्हा मासा कुठून आला ते दुकानदाराला विचारा, पावती मागा; उत्तर टाळलं तर घेऊ नका. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी आपल्या राज्याचा कायदा आधी बघावा. कॅलिफोर्निया, टेक्सास आणि फ्लोरिडात पिरान्हा बाळगायलाच बंदी आहे.

आता त्या ‘मग बघू’वाल्यांचं. टाकीत मावेनासा झालेला मासा अनेकदा रात्री पिशवीतून नदीवर किंवा तलावावर जातो. पाळणाऱ्याला ती भूतदया वाटते. पण आपल्या नद्यांमध्ये परक्या माशांची आधीच भर पडली आहे. गोदावरीत पाकू सापडला आहे. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या जाणत्या पाळणाऱ्याला द्या, नाहीतर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. नदी, धरण, विहीर, गावतळं यांपैकी कुठेही सोडू नका.